रात्रीची मारामारी आणि सकाळची फिर्याद

परमिट रूममधली मारामारी दहा-पंधरा मिनिटांत संपते. तिच्यावरून दाखल झालेला गुन्हा मात्र कित्येक वर्षे चालतो. या दोन्ही गोष्टींवर आपण मोहल्ल्यात बोलत नाही. पहिलीवर बोलत नाही, कारण दारू हराम आहे आणि ‘आपल्यात’ ती कोणी पीत नाही असे आपण धरून चालतो. दुसरीवर बोलत नाही, कारण तोपर्यंत प्रकरण पोलिसात गेलेले असते आणि घराच्या इज्जतीचा प्रश्न होऊन बसलेला असतो. न बोलल्यामुळे नुकसान कोणाचे होते, हे मला गेली काही वर्षे जवळून दिसते आहे. म्हणून हा लेख.

मी आयुष्यात कधी परमिट रूमच्या दारात पाऊल टाकलेले नाही. पण तिथून निघालेले कागद माझ्या घरी येतात. मराठवाड्यातल्या ज्या शहरात मी उर्दू आणि मराठी शिकवते, तिथल्या बऱ्याच आयांना मराठी बोललेले समजते, वाचता येत नाही. त्यातून पोलीस ठाण्याचे आणि कोर्टाचे मराठी म्हणजे शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावे लागते. मग फिर्यादीची प्रत, पंचनामा, दोषारोपपत्राचा गठ्ठा पिशवीत घालून कोणीतरी येते. “टीचर, इसमें मेरे बच्चे का नाम किधर है, उंगली रख के बताओ.” मी बोट ठेवते. मुलगा बहुतेक वेळा आमच्याच शाळेत शिकलेला असतो.

असे कागद वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. भांडणाचे कारण शोधायला गेले तर ते जवळजवळ सापडतच नाही. खुर्ची ओढली, चकण्याची प्लेट आधी दुसऱ्या टेबलावर गेली, कोणी तरी ‘काय बघतो’ म्हणाला, बिलात एक बाटली जास्त लागली. शुद्धीत असलेला माणूस अशा गोष्टीवर हसून पुढे जातो. प्यालेल्या माणसाचे लक्ष आखडते. समोरच्याचा शब्द त्याला मोठा दिसतो, आणि उद्या काय होईल, घरी कोण वाट पाहते आहे, हे दिसत नाही. त्यात चार मित्र बघत असतील तर माघार घेणे म्हणजे नाक कापले जाणे.

आपल्या कायद्याच्या इतिहासात याचे एक जुने उदाहरण आहे. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य, १९५६. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार शेजारच्या गावी लग्नाला गेला. तिथे भरपूर प्याला. जेवणाच्या वेळी त्याने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला जरा सरकून बसायला सांगितले. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा मेला. मी प्यालेलो होतो, मला मारायचे नव्हते, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. आपल्या मर्जीने प्यालेला माणूस कळण्या-सवरण्याच्या पलीकडे गेला होता असे सिद्ध झाल्याशिवाय, आपल्या कृत्याचा जो सहज परिणाम होतो तोच त्याला करायचा होता, असे धरले जाईल, असा त्याचा अर्थ. बसायच्या जागेवरून एक जीव गेला आणि एक जन्मठेपेवर गेला.

हा नियम आजही तसाच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण नशेबद्दलची भूमिका बदललेली नाही. तुम्हाला कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या पैशाने प्यालात तर ‘शुद्ध नव्हती’ हे कारण होत नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्याकडे येणारी प्रत्येक आई पहिल्यांदा हेच म्हणते, त्याला शुद्धच नव्हती. तिला ते मुलाच्या बाजूचे वाटते.

आता धर्माकडून बघू. दारूबंदीचा हुकूम आपण मुलांना पाठ करून घेतो, पण त्यामागचे कारण क्वचित शिकवतो. सूरह माइदाच्या ९१ व्या आयतीत दारू आणि जुगाराबाबत पहिले कारण सांगितले आहे ते आपसातले वैर आणि द्वेष यांचे. नमाज आणि अल्लाहच्या स्मरणापासून दूर नेण्याचे कारण त्यानंतर येते. सहीह मुस्लिममध्ये हजरत साद बिन अबी वक्कास यांची एक हदीस आहे. दारू अजून हराम झालेली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका बागेत अन्सार आणि मुहाजिर जेवायला जमले होते, उंटाचे भाजलेले डोके होते आणि दारूची पखाल होती. पिता पिता बोलणे निघाले, अन्सार मोठे की मुहाजिर. साद म्हणाले, मुहाजिर. एका माणसाने तिथलेच उंटाच्या जबड्याचे हाड उचलले आणि त्यांच्या नाकावर मारले. नाक फुटले. ते तसेच प्रेषितांकडे (स.) गेले. आपल्याबाबतच दारूची आयत उतरली असे साद स्वतः सांगतात.

त्या बागेच्या जागी आजची परमिट रूम ठेवा आणि हाडाच्या जागी बिअरची बाटली ठेवा. विषयसुद्धा तोच, आमचे मोठे की तुमचे. पिणारे कोणी वाईट चालीचे लोक नव्हते, ते सहाबा होते. ‘आपल्यात असे होत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही हदीस एकदा वाचावी. होते, म्हणूनच तर आयत उतरली.

माझा खरा मुद्दा मात्र दारूचा नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे.

रात्री मारामारी झाली की जखमी सरकारी दवाखान्यात जातो, तिथे त्याची पोलिसांसाठी नोंद होते, डॉक्टर जखमेचे प्रमाणपत्र देतात. पुढे कोणते कलम लागणार हे बरेचसे त्या कागदावर ठरते. साधा मार, मुका मार असेल तर न्याय संहितेच्या कलम ११५ (२) प्रमाणे जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दंड, आणि गुन्हा अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला एनसी म्हणतो ते. हाड मोडले किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत होते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. फुटलेली बाटली, चाकू, रॉड असे काही वापरले तर कलम ११८. अशा हत्याराने गंभीर दुखापत केली तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेपेपर्यंत. पाच किंवा जास्त जण एका उद्देशाने जमले होते असे आले की बेकायदा जमाव होतो, आणि मग एकाने मारले तरी बाकीचेही त्याच गुन्ह्यात धरले जाऊ शकतात.

आता बघा, या नियमांचा उपयोग सकाळी कसा होतो. एनसीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. मग घरातला किंवा गल्लीतला कोणी ‘जाणकार’ सल्ला देतो, नुसत्या मारहाणीने काही होणार नाही, चेन गेली म्हणून सांगा. सोन्याची चेन, खिशातले पाच हजार, मोबाईल. रात्रीच्या भांडणात कोणाच्या गळ्यात चेन नव्हती, सकाळच्या फिर्यादीत ती येते आणि मारहाणीचा जबरी चोरी होतो. दुसरा सल्ला नावांचा. मारणारे दोघे होते. फिर्यादीत सात नावे येतात. त्यात मारणाऱ्याचा मोठा भाऊ येतो, जो त्या वेळी घरी झोपलेला होता. चुलतभाऊ येतो, जो पुण्यात नोकरी करतो. शिकलेला आणि नोकरीला लागलेला मुलगा हमखास येतो, कारण त्याला अडकवले की ते घर लवकर वाकते.

पलीकडचेही गप्प बसत नाहीत. त्यांचा वकील सांगतो, तुमच्याकडूनही एक गुन्हा दाखल करून ठेवा, पुढे तडजोडीला बरे पडते. याला क्रॉस केस म्हणतात. त्यातही सात नावे, त्यातही चेन. म्हणजे दोन प्यालेल्या माणसांच्या भांडणातून दोन फिर्यादी, चौदा आरोपी आणि दोन काल्पनिक चेन तयार होतात.

या सगळ्यात दारू कुठे आहे? नाही. सकाळी फिर्याद सांगायला बसलेला माणूस पूर्ण शुद्धीत असतो. फजरची नमाज पढून आलेला असू शकतो. सोबत घरचे मोठे असतात, कधी जमातीतले कोणी असते. फिर्याद लिहून झाली की पोलिसांनी ती वाचून दाखवायची असते, फिर्यादी ती ऐकतो आणि खाली सही करतो.

दारू पिणे गुनाह-ए-कबीरा आहे, यावर आपल्यात दुमत नाही. पण खोटी साक्षही गुनाह-ए-कबीराच आहे. बुखारी शरीफमध्ये येते की सगळ्यात मोठे गुनाह सांगताना प्रेषितांनी (स.) शिर्कचा आणि आईवडिलांच्या अवज्ञेचा उल्लेख केला. तोपर्यंत ते टेकून बसले होते. खोट्या साक्षीचे नाव घेताना सरळ होऊन बसले आणि तीच गोष्ट इतक्या वेळा म्हणत राहिले की आता थांबावे असे ऐकणाऱ्यांना वाटले. ज्या मुलाने रात्री दारू प्याली त्याच्याशी आपण बोलणे टाकतो, सोयरीक मोडतो. ज्याने सकाळी पाच निर्दोष नावे लिहवली त्याला आपण ‘हुशार आदमी है, काम का है’ म्हणतो. हा हिशेब मला समजत नाही. रात्रीच्या गुन्ह्याला निदान नशेचे निमित्त होते. सकाळच्याला तेही नाही.

कायद्यानेही हे काही लहान नाही. कोणाला त्रास द्यायला जाणूनबुजून खोटा गुन्हा दाखल करणे हा न्याय संहितेच्या कलम २४८ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे. न्यायालयात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती क्वचित होते म्हणून लोकांना भीती नाही. पण आपल्याला भीती फक्त कोर्टाचीच असावी का?

या कागदांची किंमत कोण देते तेही सांगते. आमच्याच शाळेत शिकलेला, पुढे आयटीआयमधून फिटर झालेला एक मुलगा. आखाती देशातली नोकरी पक्की झाली होती. मोठ्या भावाच्या भांडणात याचे नाव सहाव्या क्रमांकावर. पासपोर्टची मुदत संपली आणि नवा मिळेना. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तशी तरतूदच आहे, फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. त्या न्यायालयाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा मिळू शकतो, १९९३ ची अधिसूचना आहे. पण हे त्या घराला कोणी सांगितले नव्हते. ते कळेपर्यंत, वकील करेपर्यंत, अर्जावर तारीख लागेपर्यंत नोकरी दुसऱ्याला गेली. तो मुलगा दारूला शिवलेला नाही. आज तो भावाशी बोलत नाही.

सरकारी नोकरीच्या फॉर्मवर ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का’ असा रकाना असतो. भीतीने मुले ‘नाही’ लिहितात आणि पडताळणीत सापडतात. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माहिती खरीच द्यावी लागेल. तरुण वयातले किरकोळ प्रकरण असेल तर नोकरी देणाऱ्याला त्याकडे सहानुभूतीने बघता येते. म्हणजे खरे लिहिणाऱ्याला थोडी वाट आहे. लपवणाऱ्याची वाट फार अरुंद होते. हे मी दहावीच्या मुलांनाही सांगते.

एकापेक्षा जास्त गुन्हे झाले की चॅप्टर केस होते, शांतता राखण्याचा बाँड द्यावा लागतो. त्यापुढे महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपारीचा प्रस्ताव जाऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. आणि तारखा तर आहेतच. एक रोजंदारीवरचा माणूस महिन्यातून एकदा कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याची त्या दिवसाची मजुरी जाते, वकिलाची फी जाते, आणि साक्षीदार आला नाही म्हणून पुढची तारीख मिळते. हा पैसा घरातून कसा निघतो ते बाईला विचारा. कानातले जाते, मग भिशी मोडते, मग मुलीची फी थकते. भांडण पुरुषांचे होते, पण माझ्या घरी पिशवी घेऊन येते ती बाई.

इथे मला दोन हरकती ठाऊक आहेत.

पहिली हरकत: समोरच्याने खोटी नावे घातली तर आम्ही गप्प बसायचे? नाही. गप्प कोणी बसायचे नाही. ज्याला खरेच मार लागला त्याने फिर्याद द्यावी, ती त्याचा हक्क आहे, तिची प्रत त्याला फुकट मिळते. ज्याचे नाव खोटे आले आहे त्याने त्या वेळी आपण कुठे होतो याचा पुरावा लगेच गोळा करावा. कामावरची हजेरी, बसचे तिकीट, दुकानातला सीसीटीव्ही. परमिट रूममध्ये कॅमेरे असतात, पण त्यातले चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवावे असा लेखी अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत पोलिसांना द्यावा आणि पोच घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे. त्यापेक्षा क्रॉस केसमध्ये सात नावे सांगणे सोपे वाटते. पण खोट्याला खोटे उत्तर दिले की तुमचे खरेही कोणी खरे धरत नाही. दोन्ही फिर्यादी वाचणाऱ्या न्यायाधीशाला दोन्हींत चेन दिसते आणि दोन्हींवरचा विश्वास उडतो. खरा जखमी त्यात मरतो.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे: पोलीस आपले ऐकत नाहीत, त्यामुळे आपल्याला आधीच तयारी ठेवावी लागते. ही भीती हवेतली आहे असे मी म्हणणार नाही. भांडणाऱ्यांतला एक आपला आणि एक त्यांचा असला तर दोन प्यालेल्या माणसांची मारामारी सकाळपर्यंत ‘दोन गटांतली’ होते. मोबाईलवर अर्धवट व्हिडिओ फिरतो. ज्यांनी एकाच टेबलावर बसून तीन वर्षे प्याली, ते अचानक आपापल्या समाजाचे प्रतिनिधी होतात. पण अशा वेळी जास्तीची नावे आणि जास्तीची कलमे आपल्याच अंगावर येतात. मी उलट म्हणेन, ज्या समाजाला आपल्यावर संशय घेतला जातो असे वाटते त्याने तर कागद आणखी स्वच्छ ठेवावा. सूरह निसामध्ये स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, नातेवाइकांविरुद्ध गेले तरी न्यायाची साक्ष द्या असा हुकूम आहे. सूरह माइदामध्ये, एखाद्या लोकांच्या वैरामुळे तुम्ही न्याय सोडू नका, असे आहे. या आयती जुम्म्याच्या खुतब्यात ऐकायला छान वाटतात. त्यांची परीक्षा पोलीस ठाण्याच्या बाकावर होते.

मग काय करावे? मी सुलहच्या बाजूची आहे. पण सुलह म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवे.

कायदा सुलहला जागा देतो. साधी दुखापत जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो. हाड मोडल्याची गंभीर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने मिटते. तडजोड नोंदली गेली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो, पुढे फॉर्म भरताना सांगायला ते सोपे जाते. लोकअदालतीत असे खटले ठेवता येतात. धारदार हत्याराने केलेली गंभीर दुखापत किंवा खुनाचा प्रयत्न मात्र खालच्या कोर्टात मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. २०१२ च्या ग्यान सिंग निकालाने खासगी स्वरूपाच्या भांडणात अशी मुभा दिली. २०१९ मध्ये लक्ष्मी नारायण निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितले की खुनाच्या प्रयत्नासारखा गुन्हा समाजाविरुद्धचा आहे, दोघांचे जमले म्हणून तो आपोआप रद्द होणार नाही. जखम कुठे आहे, हत्यार काय होते, हे पाहिले जाईल. म्हणून ‘पैसे दिले की मिटते’ असे जो सांगतो तो अर्धेच सांगतो.

सुलहमध्ये पहिला हक्क जखमी माणसाचा आहे. आपल्याकडच्या बैठकीत मी उलट बघते. दोन्हीकडचे मोठे बसतात, इज्जतीच्या गोष्टी होतात, चहा होतो, आणि ज्याच्या डोक्याला अकरा टाके पडले त्याला शेवटी बोलावून सांगितले जाते की बाबा, सही कर. त्याच्या दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पुढचे ऑपरेशन याचा हिशेब कोणी मांडत नाही. अमेरिकेत अशा भांडणानंतर नुकसानभरपाईचे दावे सर्रास होतात, आणि बऱ्याच राज्यांत झिंगलेल्या गिऱ्हाइकाला आणखी पाजणाऱ्या बारमालकालाही त्यात ओढता येते. आपल्याकडे बारमालकासाठी असा वेगळा कायदा नाही आणि दिवाणी दावा कोणी करत नाही. पण गुन्हा सिद्ध झाल्यावर आरोपीकडून भरपाई देववण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयाला आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक खटल्यात न्यायालयाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे. ते प्रकरणही अशाच एका क्षुल्लक गोष्टीवरून झालेल्या मृत्यूचे होते, कुत्रा भुंकल्यावरून. आपल्या शरियतमध्ये तर दियतचा विचार पहिल्यापासून आहे, ज्याचे नुकसान झाले त्याला मिळाले पाहिजे. मग बैठकीत पहिला प्रश्न दवाखान्याच्या बिलाचा का नसावा?

आणि सुलहच्या नावाखाली साक्षीदार विकत घ्यायचा नाही. वेटर, काउंटरवरचा माणूस, शेजारच्या टेबलावरचा गिऱ्हाईक, हेच खरे बघणारे असतात आणि हेच सगळ्यात गरीब किंवा सगळ्यात घाबरलेले असतात. १९९९ साली दिल्लीत पेय द्यायला नकार दिला म्हणून जेसिका लाल या तरुणीला गोळी घातली गेली. माणसांनी भरलेल्या जागी ती घटना घडली, तरी साक्षीदार फिरले आणि २००६ च्या फेब्रुवारीत सगळे आरोपी सुटले. लोक रस्त्यावर आले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, २०१० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. ते प्रकरण गाजले म्हणून न्याय मिळाला. आपल्या तालुक्याच्या परमिट रूममधला वेटर फितूर झाला तर कोणी मेणबत्ती लावणार नाही. हदीसमध्ये सुलहला परवानगी देताना अट घातलेली आहे, हरामला हलाल करणारी सुलह चालणार नाही. खोटी साक्ष विकत घेऊन केलेली सुलह त्यातलीच.

शेवटी त्या मुलाविषयी, ज्याने प्याली आणि मारले. शिक्षा व्हायची ती होऊ द्या. पण त्याला टाकू नका. बुखारी शरीफमध्येच आहे, दारू प्यालेल्या एका माणसाला शिक्षा झाल्यावर कोणी तरी म्हणाले, अल्लाह तुला रुसवा करो. प्रेषितांनी (स.) अडवले, याच्याविरुद्ध शैतानाला मदत करू नका. आपण नेमकी तीच मदत करतो. दुसऱ्या-तिसऱ्या मारामारीनंतरही तो मुलगा व्यसनी आहे असे घर कबूल करत नाही, कारण कबूल केले तर बहिणीचे लग्न अडेल. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे, जिल्ह्याच्या ठिकाणीही आता केंद्रे आहेत. मशिदीच्या फलकावर जनाजा आणि चंदा लिहायला जागा असते, तर अशा केंद्राचा पत्ता लिहायला का नसावी? जमातीचा जो पैसा आणि वेळ क्रॉस केसच्या वकिलावर जातो, त्याच्या चौथाईत एका मुलाचा इलाज होतो.

माझे जमातीच्या मोठ्यांना आणि आयांना मागणे साधे आहे. अशी रात्र घरावर आली तर सकाळी पोलीस ठाण्यात जाण्याआधी एकमेकांना तीन गोष्टी विचारा. मारणारे नेमके किती होते? हातात काय होते? काय गेले आणि काय गेले नाही? जे खरे आहे तेवढेच लिहवा. सही करण्याआधी कागद वाचून घ्या, मराठी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या कोणाला सोबत न्या. ज्याला लागले आहे त्याला, तो पलीकडचा असला तरी, दवाखान्यात बघून या. त्याने गुन्हा मिटेलच असे नाही. पण पुढे कधी बैठक बसली तर तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला समोरच्याकडे एक कारण राहील.